पावसची एकशे चाळीस कलमं

मी कॉम्प्युटरच्या कामात होते असं कळलं की लोक माझ्याकडे बिघडलेले मोबाइल घेऊन येतात. शेजारच्या बाईंनी तर एकदा मिक्सर आणला होता. त्यांचं चुकत नाही, कारण मी नेमकं काय करत होते हे माझ्या नवऱ्यालाही कळायला बरीच वर्षं लागली. मी यंत्र दुरुस्त करत नव्हते आणि यंत्राची भाषाही मला कामापुरतीच येत होती. एखाद्या कचेरीत, गोदामात, दवाखान्यात जायचं, तिथली माणसं काय करतात ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं, त्यातून कुठल्या वस्तू एकमेकींशी काय बोलतात हे कागदावर मांडायचं, आणि ते कागद प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या हाती द्यायचे. याला ऑब्जेक्ट ओरिएंटेड अॅनालिसिस अँड डिझाइन असं भारदस्त नाव आहे. ते मी पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा त्यात चार चुका केल्या होत्या.

संपादकांनी 'कामाबद्दल लिहा' म्हटलं. सगळं लिहिण्यासारखं नाही. कामाचे बरेचसे दिवस कंटाळवाणे असतात, ते तुमचेही असतील. मी एका यादीबद्दल लिहिते. ती आंब्याच्या मोहोराची होती आणि साफ चुकली होती. चूक माझी होती.

माझं माहेर वरुडकडचं, संत्र्यांच्या मुलखातलं. बाबा दुसऱ्याच्या रोपवाटिकेत कामाला होते, संत्र्याची कलमं बांधायचे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझी नववीची परीक्षा नुकतीच झाली होती. दहावीची पुस्तकं आणलीच नाहीत. पुढे टायपिंग शिकले, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि लग्न झालं ते टेलिफोन खात्यातल्या लाइनमनशी. त्यांची नेमणूक रत्नागिरीला. माहेरी पोहोचायला दोन दिवस लागायचे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी चोवीस वर्षांची होते.

रत्नागिरीत पहिले सहा महिने मी भाषेला घाबरून होते. मराठीच की, पण शब्द अंगाला लागत नव्हते. शेजारीण म्हणाली, "खळ्यात वाळत घाला हो कपडे." मी मळणीचं खळं शोधत बसले. कोकणात घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला खळं म्हणतात. मी 'का' ऐवजी 'काहून' म्हणायची आणि भाजीवाली हसायची. म्हणून मी बोलणं कमी केलं आणि टाइप करायला मिळेल असं काम शोधलं.

ते मिळालं एका छापखान्याच्या माडीवर. तिथे सुर्वे सरांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. सर मूळचे राजापूरचे. परदेशात एका मोठ्या कंपनीत काही वर्षं काढून, आई एकटी पडली म्हणून परत आलेले. त्यांच्याकडे हिरव्या अक्षरांचं एक यंत्र, खडखड करणारा एक प्रिंटर आणि बाहेरून आणलेल्या फ्लॉप्यांचा एक डबा होता. त्यांच्या नोट्स टाइप करायला त्यांना माणूस हवं होतं.

"शिक्षण?" त्यांनी विचारलं.

"दहावी," मी म्हणाले.

इतकं सहज निघालं तोंडातून. खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं, त्या आवाजात ते खोटं मला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि पहिला कागद दिला.

मी टाइप करायची आणि मध्येच विचारायची, "सर, हे असं काहून?" त्यांच्या नोट्समध्ये लिहिलेलं असायचं, 'वस्तूच्या पोटातली माहिती बाहेरच्याने थेट बदलू नये, वस्तूला विनंती करावी.' मी विचारलं, काहून बदलू नये? सर म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघरात पाहुणीने येऊन परस्पर डबे हलवले तर चालेल?" मी म्हटलं, नाही, तिने मागावं, मी काढून देईन. पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, "टायपिंग दुपारनंतर करा. सकाळी गटात बसा."

सरांची शिकवायची पद्धत अशी की फळा कमी आणि गट जास्त. तिघातिघांचा गट, आणि प्रत्येक गटाला गावातलं खरं काम. आमच्या गटात नंदिनी होती, बीएस्सी झालेली, वेगाने बोलणारी, वेगाने प्रोग्राम लिहिणारी. दुसरा अल्ताफ. मिरकरवाड्यातल्या मच्छीमार घरातला, बारावीनंतर डिप्लोमा केलेला, आणि कुठल्याही गंभीर प्रसंगी हसवणारा. दोघंही माझ्यापेक्षा लहान, मला वहिनी म्हणायची. आठवडाभरात अल्ताफने त्याचं 'काहूनवहिनी' केलं.

खालच्या छापखान्यात लग्नपत्रिकांची कातरण उरायची, जाड, एका बाजूने कोरी. ती आमची कार्डं. बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावून सांगायचा तर कार्डांपासूनच सुरुवात करावी लागते. समोरचा माणूस आपलं काम सांगतो, त्यातली नामं अधोरेखित करायची. प्रत्येक महत्त्वाच्या नामाचं एक कार्ड. कार्डावर तीन गोष्टी: ही वस्तू काय जाणते, काय करते, आणि अडलं तर कुणाला विचारते. मग कार्डं आपसात वाटून घ्यायची आणि नाटक करायचं. प्रोग्रामची एक ओळही न लिहिता.

पहिलं नाटक आम्ही गल्लीतल्या वाचनालयाचं केलं. मी 'पुस्तक' झाले, अल्ताफ 'सभासद', नंदिनी 'ग्रंथपाल'.

"ते पुस्तक आहे का?" अल्ताफ म्हणाला.

"पुस्तका, तू आहेस का?" नंदिनीने मला विचारलं.

"मी एकजण सभासदाच्या घरी आहे, एकजण कपाटात आहे आणि एकजण शिवायला गेलंय," मी म्हणाले.

"मग तू तीन आहेस," नंदिनी म्हणाली, आणि आमच्या सगळ्यांच्याच लक्षात आलं की 'पुस्तक' वेगळं आणि त्याची 'प्रत' वेगळी, कार्डं दोन हवीत. कोपऱ्यातून सर म्हणाले, "हेच. आता हे कार्डावर खोडलंत, प्रोग्राममध्ये महिनाभर खोडावं लागलं असतं."

त्या दिवशी मी घरी चालत गेले ते भलत्याच उमेदीने. मला कुणीतरी शाळेत परत घेतलं होतं आणि पहिल्याच दिवशी उत्तर आलं होतं. मागून लगेच भीती यायची, की हे सगळं दहावी या एका शब्दावर उभं आहे.

हिवाळ्याच्या तोंडाला पावसच्या बागायतदारांच्या संघाचं काम आलं. पावस रत्नागिरीच्या दक्षिणेला, समुद्राकडचं, सगळं हापूसचं. संघाला हवी होती अशी यादी, की कुठल्या बागेत मोहोर कधी आला, फवारणी कधी झाली, आणि आंबा काढायला गडी कुठल्या दिवशी कुठे पाठवायचे. सरांनी आम्हाला बसवून सांगितलं, "आधी एका बागेचं करून दाखवायचं. त्यांना पटलं तर सगळ्या बागांचं काम, तुम्हाला तिघांना वर्षभराची नोकरी. कार्यकारिणीला तुमची नावं आणि शिक्षण कळवायचंय. आपापली गुणपत्रकं आणून द्या." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, तुमचं दहावीचं."

"गावी आहे, सर. मागवते."

"मागवा."

त्यानंतर दर सोमवारी ते विचारायचे, आणि दर सोमवारी मी म्हणायची, पत्र टाकलंय.

बाग होती आबा तोडणकरांची. आबा सत्तरीचे, संघाचे अध्यक्ष, डोक्याला पंचा. पहिल्या भेटीला मी आणि अल्ताफ गेलो. प्रश्न विचारायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं होतं. परतीची एसटी दीड तासाने होती. आबांनी खळ्यात खुर्च्या टाकल्या, कोकम सरबत दिलं आणि म्हणाले, "विचार गो, काय ता."

मी विचारत गेले, लिहीत गेले. झाडं किती?

"झाडं सहा. ही काय, घराभोवती दिसतायत. रायवळ हत." रायवळ म्हणजे कोयीपासून आपोआप उगवलेला आंबा.

"आणि?"

"आणि कलमं एकशे चाळीस."

विहिरीच्या कडेला झावळ्यांच्या सावलीत पिशव्यांमध्ये रोपांच्या ओळी होत्या. मी तिकडे पाहिलं, मनात म्हटलं, एकशे चाळीस, आणि लिहिलं. कधी लावली असं विचारलं तर आबा हसले. "बापाने लावलीन काय, आजाने लावलीन काय, कोण लिहून ठेवताय? काही मी लावली." मला वाटलं, थट्टा करतायत. मी तारखेच्या जागी रेघ मारली. मोहोराचं विचारलं तेव्हा म्हणाले, "लहान कलमाला मोहोर आला तर खुडायचा. चार वर्षं तरी फळ धरू द्यायचं नाय. अंगात ताकद नसते ना." हे तर मला पाठ होतं. बाबाही संत्र्याच्या नव्या कलमांचा बहर खुडायला लावायचे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा इथलं कुणीतरी माझ्या घरचं बोललं होतं. मी आनंदाने लिहिलं. मोठी बाग वर कातळावर होती, चालत अर्धा तास. ती नुकतीच लावलेली असेल असं मी धरून चालले. आबा म्हणाले, चला दाखवतो. एसटी चुकेल म्हणून आम्ही गेलो नाही.

आता ही चूक नीट सांगायला हवी, कारण ती वरुडच्याच माणसाने करावी अशी आहे. आमच्याकडे कलम म्हणजे रोप. रोपवाटिकेतून विकत आणायचं, लावायचं ते कलम. ते मोठं झालं, संत्री लागली, की ते झाड. 'संत्र्याची तीनशे झाडं आहेत,' असं म्हणतात. कोकणात कलम लावलेला हापूस शंभर वर्षांचा झाला, दोन माणसांच्या कवेत मावेना, तरी तो कलमच. झाड म्हणजे दुसरं काहीही. मी कार्ड लिहिलं ते असं:

कलम. जाणतं: लागवडीची तारीख. करतं: मोहोर आला तर खुडायला सांगतं. वाढलं की 'झाड' या कार्डाकडे जातं. तारीख नसेल तर नवीन समजावं.

नंदिनी रत्नागिरीचीच. तिने कार्ड वाचलं, तिला ते बरोबर वाटलं, आणि तिने प्रोग्राम लिहिला. नाटकही झालं. मी कलम झाले होते. "मोहोर आलाय, काय करू?" अल्ताफने विचारलं. "खूड," मी म्हटलं, आणि सगळं सुरळीत पार पडलं. तिघांनी एकच शब्द तीनदा उच्चारला आणि कुणालाही कळलं नाही की आम्ही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय.

मोहोराच्या दिवसांत, थंडी चांगली पडली असताना, आम्ही यादी घेऊन पावसला गेलो. सरही आले होते. आबांच्या खळ्यात आठदहा बागायतदार जमले. संघाचे चिटणीस निवृत्त मास्तर होते, पांढराशुभ्र सदरा, कडक. प्रिंटरवर रोमन अक्षरांत मराठी छापलेलं, त्यामुळे वाचायचं काम त्यांच्याकडे आलं. चष्मा पुसून त्यांनी शाळेतल्या हजेरीसारखं वाचायला घेतलं.

"झाड क्रमांक एक ते सहा. मोहोर ठेवावा."

"बरं," आबा म्हणाले.

"कलम क्रमांक एक ते एकशे चाळीस. मोहोर खुडावा."

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, ओळ पुन्हा वाचली. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "आबा, शिड्या काढा. उद्यापासून खुडायला लागू."

एकच हशा पिकला. आबांना तर ठसका लागला. "रायवळ ठेवायचे आणि हापूस खुडायचा," ते डोळे पुसत म्हणाले, "माझ्या आज्याचा आत्मा येऊन बसेल गो तुझ्या यंत्रात."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घालून सरांपुढे ठेवली. "सुर्वे, मे महिन्यात आम्ही काय, हा कागद खायचा? हीच का तुमची शिकलेली मुलं?"

सरांनी फक्त "चूक शोधून सांगतो" एवढं म्हटलं. परतीच्या एसटीत नंदिनी माझ्या शेजारी बसली. भाट्याचा पूल आला तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, मला वाटलं ते लहान कलमांचं कार्ड आहे. मोठ्यांचं तुमच्याकडे वेगळं असेल."

"मोठी कलमं असतात?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला सगळं तिथेच समजलं. अल्ताफ पुढच्या सीटवरून वळून काहीतरी विनोद करणार होता. माझा चेहरा बघून तो परत पुढे वळला, आणि थोड्या वेळाने न बघताच त्याने शेंगदाण्यांची पुडी मागे सरकवली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी क्लासला गेले. सर प्रिंटरची फीत बदलत होते, बोटं काळी झाली होती. मी दारातच सांगून टाकलं.

"सर, माझं गुणपत्रक येणार नाही. मी दहावीला बसलेच नाही. नववी झाली आहे."

त्यांनी फीत खाली ठेवली. "मी मास्तरांना शब्द दिलाय की तिघंही किमान दहावी आहेत."

"माहीत आहे."

"मग आज का सांगताय?"

"कालची चूक माझ्या अर्धवट शिक्षणाची आहे. तुम्ही ती नंदिनीच्या नावावर टाकाल अशी भीती वाटली."

सर चिंधीने बोटं पुसू लागले. शाई निघत नव्हती. "दहावीच्या कुठल्या पुस्तकात कलम म्हणजे काय ते शिकवतात?" त्यांनी विचारलं. "नंदिनी पदवीधर आहे. तिने कार्ड वाचलं. मी वाचलं, मी तर राजापूरचा. ती चूक चौघांची आहे, तिचा शिक्षणाशी संबंध नाही." थांबले, आणि आवाज बदलला. "खोटं सांगितलंत ते मात्र तुमचं एकटीचं. त्याचं काय करायचं ते मला आत्ता कळत नाही. तुम्ही पावसला जा. एकट्या जा. एसटीचा विचार न करता विचारून या."

मला वाटत होतं ते काढून टाकतील. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं, असंही वाटून गेलं. पावसच्या गाडीत मी पूर्ण वेळ पिशवीचा बंद हातात घट्ट धरून बसले होते.

आबांनी मला पाहून मान हलवली. "आली काय, मोहोर खुडायला?"

"आबा, कलम म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"मी वरुडकडची. आमच्याकडे कलम म्हणजे रोप. तुमच्याकडे काय, ते मला मुळापासून सांगा. मला माहीत नाही असं समजून सांगा."

आबा उठले, पायताण घातलं. "चल वर."

कातळावरची ती बाग मी पहिल्यांदा पाहिली. काळ्या जांभ्या दगडात सुरुंग लावून खड्डे केलेले, त्यात बाहेरून माती आणून भरलेली, आणि त्यातून वर गेलेली प्रचंड, गोल, गर्द कलमं, शेंड्यापर्यंत मोहोराने भरलेली. वास इतका होता की बोलताना तोंडात यायचा. यांचा मोहोर खुडायला मी लेखी सांगितलं होतं.

आबा एका बुंध्याशी बसले आणि जमिनीलगतची एक आडवी खूण दाखवली. "ही बघ. ह्याच्या खाली रायवळ, वर हापूस. पायाला रायवळ लागतो, त्याशिवाय कातळात टिकाव नाय. कायम दोघांचं मिळून असतं ता कलम. म्हातारं झालं म्हणून नाव कशाला बदलेल?"

"आणि लहान-मोठं कसं ठरवता?"

"बघून."

"बघायला यंत्राला डोळे नाहीत, आबा."

"मग मला विचारायचं," ते म्हणाले. "तुमच्याकडे कोण करतं कलमं?"

मी सांगितलं, बाबा करतात. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. आबांनी नेमकं कसं बांधतात, कुठल्या महिन्यात, पट्टी कशाची, असं इतकं विचारलं की मीच बोलत राहिले. लग्नानंतर बाबांच्या हातांबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते. किती एसट्या गेल्या मला कळलं नाही. निघताना आबांनी सगळ्या कलमांभोवती फिरवून आणलं आणि प्रत्येकाकडे बोट दाखवून "मोठं", "मोठं", "ह्या लहान" असं सांगत गेले. एकशे एकोणतीस मोठी, अकरा लहान. विहिरीकडची पिशव्यांतली रोपं यात नव्हतीच. ती विकायची होती.

नवीन कार्डं आम्ही तिघांनी बसून लिहिली. 'झाड' हे सर्वांत वरचं कार्ड. त्याच्या पोटी दोन जाती, 'रायवळ' आणि 'कलम'. दोघांनाही प्रश्न एकच, मोहोर ठेवू का? उत्तर ज्याचं त्याने आपल्या रीतीने द्यायचं. रायवळ म्हणेल, ठेव. कलम आपलं वय बघेल. वय ठाऊक नसेल तिथे मी आधी लिहिलं होतं, नवीन समजावं. ते खोडून लिहिलं, बागायतदाराला विचारावं.

नंदिनी म्हणाली, "प्रोग्रामने 'मला माहीत नाही' म्हणायचं? बरं दिसेल का ते?"

"मला शोभतं, तर त्याला काहून नाही शोभणार?" मी म्हटलं. तिला तोवर माझी नववी कळली होती. मीच सांगितली होती. तिने कार्ड घेतलं आणि ती लिहायला बसली. पुढे मी जिथे जिथे काम केलं तिथे हाच नियम धरला, आणि त्यापायी प्रोग्राम लिहिणाऱ्यांशी भरपूर भांडले. यंत्राने ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी सांगितली की कुणाचा तरी मोहोर जातो. दहावी मात्र मी नंतरही दिली नाही. दोनदा फॉर्म आणला. मुलं लहान होती, मग मोठी झाली. ती खंत आहे.

सर त्या दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. पूर्वी डब्यातला लाडू पुढे करायचे, ते बंद झालं होतं. संघासाठी अहवाल मराठी टाइपरायटरवर टाइप करायचा होता, तो मी केला. शेवटच्या पानावर, संघाला पटलं तर कुणाच्या बागेत कधी जायचं ते. त्याच्या आधीच्या पानावर गटाची माहिती, नाव आणि शिक्षण अशा दोन रकान्यांत. नंदिनीचं नाव टाकलं, बीएस्सी. अल्ताफचं टाकलं, डिप्लोमा. आणि कागद बाहेर काढला. माझं नाव नसलं म्हणजे सरांचा शब्द खोटा पडणार नव्हता. मला ते बरोबर वाटलं होतं. आजही अगदीच चूक वाटत नाही.

नंदिनीने पानं लावताना ते पाहिलं. "एक नाव राहिलं, वहिनी."

"राहिलं नाही."

"काहून?" अल्ताफ म्हणाला. या खेपेला त्यात थट्टा नव्हती.

सर टेबलाशी काहीतरी वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "कागद परत चढवा. नाव टाका. खरं असेल ते टाका."

"तुम्ही शब्द दिलाय, सर."

"तो माझा मी निस्तरीन."

टाइपरायटरमध्ये कागद दुसऱ्यांदा चढवला की ओळ जुळवणं कठीण असतं. मी रूळ अर्धा फिरवला, मागे घेतला, पुन्हा फिरवला. नाव टाकलं. शेजारच्या रकान्यात टाकलं, नववी. ओळ किंचित खाली गेली आहे. त्या अहवालाची प्रत माझ्याकडे आहे, अजूनही खटकतं.

पावसला दुसऱ्यांदा यादी वाचली गेली तेव्हा खळ्यात पहिल्यापेक्षा जास्त माणसं होती. गंमत बघायला आलेली असावीत. एकशे एकोणतीस कलमं, मोहोर ठेवावा. अकरा कलमं, खुडावा. मागच्या बाकावरून कुणी शिड्या मागितल्या नाहीत. एकाने उठून विचारलं, "माझी दोन कलमं पुरती पोकळ झालीत, ती यात कशी धरणार?" ते मी लिहून घेतलं. सर सावकाश श्वास सोडताना मला ऐकू आले. कुणी शंका काढतोय म्हणजे यादी त्याला वापरायची आहे.

मग मास्तरांनी अहवालातलं गटाचं पान उघडलं आणि नावं मोठ्याने वाचायला घेतली. नंदिनीचं वाचलं, शिक्षण वाचलं. अल्ताफचं वाचलं. माझं नाव वाचलं आणि शेजारच्या रकान्याशी थांबले. सर खुर्चीत पुढे सरकले, काहीतरी बोलणार होते. मास्तरांनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही. त्या दिवशी तेवढंच माझ्या हातात होतं.

"नववी," मास्तर म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं.

आबा पंच्याने मान पुसत होते. "असूं दे," ते म्हणाले. "पुढे वाचा, मास्तर. पुढच्या आठवड्यात ती कुणाच्या बागेत येणार, ता वाचा."

मास्तरांनी पान उलटलं.